भोकाला भोक जुळलं पाहिजे : मेकॅनो आणि धातूच्या जोडणी-खेळण्यांची पार्श्वभूमी

फ्रान्सच्या उत्तर किनाऱ्यावरच्या कॅले शहरात १९५९ पासून मेकॅनोचा, म्हणजे भोकं असलेल्या धातूच्या पट्ट्या नट-बोल्टने जोडून नमुने करायच्या खेळण्याचा, कारखाना होता. स्पिन मास्टर या कॅनडाच्या कंपनीने २०१३ मध्ये मेकॅनो विकत घेतलं आणि २०२३ च्या सुरुवातीला हा कारखाना बंद करण्याचा निर्णय जाहीर केला. कच्च्या मालाच्या वाढलेल्या किमती आणि स्पर्धेत न टिकणारा उत्पादनखर्च ही कारणं तेव्हा पुढे आली. लिव्हरपूलमध्ये जन्मलेल्या या खेळण्याचा युरोपातला मोठा कारखाना असा संपला.

मालक बदलले, देश बदलले, रंग तर कितीतरी वेळा बदलले. एक गोष्ट मात्र शंभर वर्षांहून जास्त काळ जशीच्या तशी राहिली. पट्टीवरच्या एका भोकाच्या मध्यापासून पुढच्या भोकाच्या मध्यापर्यंतचं अंतर अर्धा इंच, म्हणजे १२.७ मिलिमीटर. पहिल्या महायुद्धाआधीची गंजलेली पट्टी आणि एकविसाव्या शतकात तयार झालेली पट्टी एकावर एक ठेवली की भोकं आजही तंतोतंत जुळतात. धातूच्या जोडणी-खेळण्यांचा इतिहास आमच्या मते या अंतराचा इतिहास आहे : ते कुणी ठरवलं, कुणी उचललं, कुणी मुद्दाम वेगळं ठेवलं, आणि ते सांभाळूनही जोडणी कुठे फसते.

लिव्हरपूलचा हिशेबनीस

सुटे भाग जोडून काहीतरी उभं करायचं, ही कल्पना मेकॅनोचा जनक फ्रँक हॉर्नबी याच्या आधीची. विमानविद्येत पुढे नाव झालेल्या ऑटो लिलिएनथालने धाकटा भाऊ गुस्ताव्ह याच्यासोबत जर्मनीत दगडी ठोकळ्यांचा खेळ तयार केला होता. तो १८८० मध्ये रुडॉलश्टाटच्या रिश्टर या उद्योजकाने विकत घेतला आणि जगभर खपवला. पुढे याच भावांनी भोकं पाडलेल्या लाकडी पट्ट्यांचा संचही केला. ठोकळे एकमेकांवर फक्त रचता येतात. ते फिरत नाहीत, उचलत नाहीत, ओढत नाहीत. लाकडी पट्टीला भोक पाडता येतं, पण ती जाड ठेवावी लागते आणि पुन्हापुन्हा जोडल्या-सोडवल्यावर भोक सैल होतं. पातळ असूनही ताठ राहणारी आणि शेकडो वेळा उघडून पुन्हा घट्ट बसणारी जोडणी हवी असेल, तर धातूला पर्याय नव्हता.

हॉर्नबीचा जन्म लिव्हरपूलमध्ये १५ मे १८६३ रोजी झाला. तो अभियंता नव्हता. डेव्हिड एलियट यांच्या मांस-आयातीच्या पेढीत तो हिशेब लिहायचा. घरी मुलांसाठी पत्र्याचे पूल, यारी (क्रेन), गाड्या करताना त्याच्या लक्षात आलं, की प्रत्येक नमुन्यासाठी नवे भाग कापावे लागतात आणि नमुना जुना झाला की ते वाया जातात. एकाच मापाच्या, सारख्या अंतरावर भोकं असलेल्या पट्ट्या केल्या, तर यारी मोडून त्याच पट्ट्यांचा पूल करता येईल. पहिल्या पट्ट्या त्याने तांब्याच्या पत्र्यातून हाताने कापल्या.

एलियट यांच्याकडून पाच पौंड उसने घेऊन त्याने ९ जानेवारी १९०१ रोजी पेटंटचा अर्ज केला. शीर्षक होतं, ‘मुलांसाठी व तरुणांसाठी खेळण्याच्या किंवा शैक्षणिक साधनांतील सुधारणा’. शोध पट्टीचा नव्हता, नट-बोल्टचाही नव्हता. सारख्या अंतरावरची सारखी भोकं असलेले, एकमेकांच्या जागी चालणारे भाग हा त्या अर्जाचा गाभा होता. एलियट पुढे भागीदार झाले आणि कार्यालयाशेजारची रिकामी जागाही त्यांनी दिली. उसन्या पाच पौंडांपेक्षा ही साथ मोलाची, आणि मेकॅनोच्या गोष्टीत एलियट यांचं नाव फार थोडे लोक घेतात, याची खंत वाटते.

१९०२ मध्ये ‘मेकॅनिक्स मेड ईझी’ या नावाने पहिला संच बाजारात आला. किंमत साडेसात शिलिंग. त्या काळी ही रक्कम साध्या घराला परवडणारी नव्हती. भाग जेमतेम सोळा प्रकारचे, सोबत काही नमुन्यांचं पत्रक. पट्ट्या पातळ पत्र्याच्या होत्या. पत्रा हाताला लागू नये आणि पट्टीला थोडा ताठपणा यावा म्हणून कडा आत दुमडलेल्या असत. चाकं दांड्यावर खाचेत पाचर बसवून अडकवावी लागत. लिव्हरपूल विद्यापीठातले यंत्रशास्त्राचे प्राध्यापक हेन्री हेले-शॉ यांनी या संचाची शिफारस केली. साध्या हिशेबनिसाच्या खेळण्याला त्यामुळे वजन आलं. तरीही धंदा नफ्यात यायला १९०६ उजाडलं, आणि तो नफाही किरकोळ होता.

बाहेरचे पुरवठादार वेळेवर आणि मापात माल देईनात, म्हणून १९०७ मध्ये हॉर्नबीने नोकरी सोडली आणि ड्यूक स्ट्रीटवर स्वतःचं उत्पादन सुरू केलं. मापाचा आग्रह असलेल्या माणसाला हे करावंच लागलं असतं. एका कारखान्यातून आलेल्या पट्टीचं भोक दुसऱ्या कारखान्याच्या पट्टीपेक्षा केसभर सरकलं, तर पाच भोकांच्या पट्टीत ते चालून जातं. पंचवीस भोकांच्या पट्टीत मात्र चूक साठत जाते आणि शेवटच्या भोकात बोल्ट शिरतच नाही. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये ‘मेकॅनो’ हे नाव नोंदवलं गेलं आणि १९०८ मध्ये मेकॅनो लिमिटेड ही कंपनी उभी राहिली. याच सुमारास दुमडलेल्या पत्र्याच्या जागी जाड पोलादी, गोल टोकांची, निकेलचा मुलामा दिलेली पट्टी आली. आज आपण जिला मेकॅनोची पट्टी म्हणून ओळखतो ती ही. १९१४ मध्ये लिव्हरपूलच्या बिन्स रोडवर मोठा कारखाना सुरू झाला. पुढची पासष्ट वर्षं मेकॅनोचा पत्ता तोच होता.

अर्ध्या इंचात काय काय बसतं

माप जितकं साधं तितकी त्यातली गंमत खोल आहे. पट्टीची रुंदी अर्धा इंच. टोकाचं भोक टोकापासून पाव इंच आत. त्यामुळे साडेबारा इंची पट्टीत २५ भोकं, साडेपाच इंचीत ११, साडेचार इंचीत ९, साडेतीन इंचीत ७ आणि अडीच इंचीत ५. लांबी साडेबारा असली तरी पहिल्या भोकापासून शेवटच्या भोकाचं अंतर बरोबर बारा इंच भरतं. नवख्याचा घोटाळा इथेच होतो. तो पट्टीची लांबी मोजतो. मोजायची असतात ती भोकं, आणि त्यातून एक वजा.

हे ध्यानात घेऊन साडेतीन, साडेचार आणि साडेपाच इंचाच्या तीन पट्ट्या घ्या आणि टोकाच्या भोकांत तीन बोल्ट लावून त्रिकोण करा. भोकांमधली अंतरं येतात ३, ४ आणि ५ इंच. म्हणजे गुण्या न वापरता अचूक काटकोन मिळाला. आता मोठा पाया करायचा असेल, तर साडेबारा इंची दोन आणि साडेपाच इंची दोन पट्ट्यांची चौकट करा. भोकांची अंतरं १२ आणि ५ इंच, तेव्हा कर्ण बरोबर १३ इंच यायला हवा. तेरा इंचांना २७ भोकं लागतात. तेवढी लांब पट्टी संचात नसते, म्हणून २५ भोकांची आणि ११ भोकांची अशा दोन पट्ट्या नऊ भोकांपुरत्या एकमेकींवर चढवून दोन-तीन बोल्टने पक्क्या करायच्या. हा कर्ण दोन कोपऱ्यांत बसला की चौकट हलत नाही आणि ती काटकोनातच असते.

कर्ण का लागतो? बोल्टची जोडणी कितीही आवळली तरी एका बोल्टभोवती पट्टी फिरू शकते. चार पट्ट्यांचा चौकोन चार बोल्टवर उभा केला, की एका बाजूने ढकलल्यावर तो कलतो. त्रिकोण कलत नाही, कारण बाजूंची लांबी बदलल्याशिवाय त्याचा कोन बदलू शकत नाही. मुलांच्या यारी आणि मनोरे वाकडे होतात त्यामागे बहुतेक वेळा हेच असतं : उभे खांब भरपूर, तिरक्या पट्ट्या नाहीत. जिथे तिरपी पट्टी लावायला जागाच नसते, तिथे दोन पट्ट्या एका बोल्टऐवजी दोन बोल्टने किंवा कोपऱ्याच्या पत्र्याने जोडायच्या. पुण्यात विज्ञान-खेळण्यांचं काम करणाऱ्या अरविंद गुप्तांनी काड्यापेटीतल्या काड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्हची रबरी नळी वापरून मुलांना नेमका हाच धडा दिला. रबरी सांध्यावरचा चौकोन लगेच लोळतो, त्रिकोण मात्र ताठ उभा राहतो. धातूचा संच परवडत नसलेल्या हजारो शाळांत ही समज काही पैशांत पोचली, म्हणून या इतिहासात तिची नोंद हवीच.

दातेरी चाकांचा हिशेबही अर्ध्या इंचालाच बांधलेला आहे. मेकॅनोच्या पितळी चाकांचे दाते अशा मापाने पाडले आहेत, की व्यासाच्या दर इंचाला ३८ दाते येतात. एकोणीस दात्यांच्या छोट्या चाकाची त्रिज्या त्यामुळे पाव इंच आणि सत्तावन्न दात्यांच्या चाकाची पाऊण इंच. बेरीज एक इंच, म्हणजे बरोबर दोन भोकांचं अंतर. छोटं चाक एका भोकातल्या दांड्यावर, मोठं मध्ये एक भोक सोडून पुढच्या भोकातल्या दांड्यावर, की दाते आपोआप बसतात आणि वेग तीनास एक होतो. १३३ दात्यांचं चाक घेतलं तर त्रिज्या पावणेदोन इंच, छोट्या चाकासह बेरीज दोन इंच, गुणोत्तर सातास एक. पंचवीस आणि पन्नास दात्यांची जोडीही एक इंचावरच चालते, पण तिची बेरीज ७६ ऐवजी ७५ दाते. त्यामुळे दोन चाकांमध्ये सुमारे एक तृतीयांश मिलिमीटरची जास्त मोकळीक राहते. ही जोडी किंचित खडखडते. तो भागातला दोष नाही आणि त्यासाठी दांडे वाकवून चाकं जवळ आणायची गरज नाही.

यारीला वजन उचलायला लावायचं असेल तर वर्म घ्यावा. वर्म म्हणजे दांड्यावरचं मळसूत्र. त्याची त्रिज्या पाव इंच, म्हणून तो सत्तावन्न दात्यांच्या चाकाशी एक इंचावर आणि एकोणीस दात्यांच्या चाकाशी अर्ध्या इंचावर जुळतो. वर्मचे सत्तावन्न फेरे झाले की सत्तावन्न दात्यांच्या चाकाचा एक. हळू चालतं, पण हात सोडला तरी वजन खाली येत नाही, कारण चाक वर्मला उलटं फिरवू शकत नाही. वेगळा ब्रेक लावायची गरजच नाही.

दांड्यांच्या बाबतीत मात्र एक चूक फार होते. दांड्याची जाडी ४ मिलिमीटरच्या किंचित वर आणि भोक त्याहून जरासंच मोठं असतं. चौकट थोडी जरी वाकडी झाली, तरी समोरासमोरची दोन भोकं सरळ रेषेत राहत नाहीत आणि दांडा अडकतो. मूल तेलाची बाटली आणतं. तेलाने काही होत नाही. चौकटीचे बोल्ट अर्धा फेरा सैल करायचे, दांडा भोकांतून घालून मोकळा फिरेल असा बसवायचा आणि मग दांडा तसाच ठेवून एकेक बोल्ट आवळायचा. दांडाच चौकटीला सरळ करतो. जिथे पट्टी बोल्टभोवती हलायला हवी, तिथे एका बोल्टवर दोन नट लावायचे : पहिला पट्टीला किंचित मोकळीक राहील इतपत, दुसरा त्याच्यावर घट्ट. पट्टी फिरते आणि बोल्ट सुटत नाही.

नकला, खटले आणि वेगळी मापं

खेळणं चाललं की नक्कल येणारच. अमेरिकेत ओहायोतल्या डेटन शहरातून ‘अमेरिकन मॉडेल बिल्डर’ नावाचा संच विकला जाऊ लागला. भाग मेकॅनोसारखे, माहितीपुस्तकातली चित्रंही ओळखीची. मेकॅनोने खटला भरला आणि १९१६ मध्ये न्यायालयाने त्यांच्या बाजूने कौल दिला.

नकलेपेक्षा मोठा प्रतिस्पर्धी निघाला अल्फ्रेड कार्लटन गिल्बर्ट. १९०८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये बांबू-उडीत सुवर्णपदक मिळवलेला, येलमधून वैद्यकीय पदवी घेतलेला हा माणूस जादूच्या साहित्याचा धंदा करत होता. न्यू हेवनहून न्यूयॉर्कला जाताना रेल्वेमार्गाच्या विद्युतीकरणासाठी उभारले जाणारे पोलादी मनोरे त्याने पाहिले आणि १९१३ मध्ये ‘एरेक्टर’ संच बाजारात आणला. मेकॅनोच्या पट्टीहून एरेक्टरचा मुख्य भाग वेगळा होता. पट्टीच्या कडा दुमडलेल्या होत्या आणि अशा चार पट्ट्या जोडल्या की चौकोनी पोकळ तुळई तयार होई. तिरक्या पट्ट्यांशिवायही ती ताठ उभी राहते. गगनचुंबी इमारतींच्या त्या काळात अमेरिकी मुलांना हे रूप फार भावलं. १९१८ मध्ये युद्धासाठी खेळण्यांचं उत्पादन थांबवण्याचा विचार सुरू झाला, तेव्हा गिल्बर्टने वॉशिंग्टनला जाऊन सरकारी परिषदेसमोर खेळणी मांडली आणि बंदी टळली. १९२२ मध्ये मेकॅनोने न्यू जर्सीतल्या एलिझाबेथ इथे कारखाना काढला, पण १९२८ मध्ये तो गिल्बर्टलाच विकावा लागला. गिल्बर्ट १९६१ मध्ये वारला आणि त्याच्या मागे कंपनी सहा वर्षंच टिकली.

जर्मनीत गोष्ट युद्धाने ठरवली. मेर्कलिन कंपनी आधी मेकॅनोसोबत परवान्यावर काम करत होती. पहिल्या महायुद्धात मेकॅनोची जर्मनीतली मालमत्ता शत्रूची म्हणून जप्त झाली आणि पुढे ती मेर्कलिनकडे गेली. अर्ध्या इंचाचं अंतर मेर्कलिनने तसंच ठेवलं, म्हणून दोन्ही कंपन्यांच्या पट्ट्या आजही एकत्र वापरता येतात. न्यूरेम्बर्गच्या ट्रिक्सने १९३० च्या दशकात एकाच पट्टीत भोकांच्या तीन ओळी देऊन वेगळीच वाट काढली. अशा पट्टीत दोन बोल्ट तिरके लावले की कोन आपोआप पक्का होतो.

चेक गणराज्यातल्या पोलिसे नाद मेतुयी या छोट्या गावात यारोस्लाव्ह वान्त्सल याने १९२० मध्ये ‘इन्व्हेन्टर’ नावाने संच काढला. तो आकड्यांनी (हुकांनी) जोडला जायचा. १९२५ मध्ये त्याने नट-बोल्टवर येऊन नाव ‘मेर्कुर’ केलं. भोकांचं अंतर एक सेंटिमीटर, बोल्ट साडेतीन मिलिमीटरचे. मेट्रिक देशात हे माप साहजिक होतं, पण त्यामुळे मेकॅनोशी काहीच जुळेना. दुसऱ्या महायुद्धात मेर्कुर बंद पडलं, नंतर सरकारी झालं, १९९० च्या दशकात दिवाळखोरीत गेलं आणि पुन्हा उभं राहिलं. त्याच गावात ते आजही तयार होतं. या सगळ्या इतिहासात जन्मगावातच टिकलेला म्हणून आमची आपुलकी मेर्कुरवर जरा जास्तच आहे.

खेळण्यातून प्रयोगशाळेत

१९३३ मध्ये मँचेस्टर विद्यापीठातले भौतिकशास्त्रज्ञ डग्लस हार्ट्री अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूटमध्ये व्हॅनिवर बुश यांचं विकल समीकरणं (डिफरन्शियल इक्वेशन्स) सोडवणारं यंत्र पाहून आले. त्या यंत्राचा गाभा साधा आहे : आडव्या तबकडीवर उभं चाक घासत फिरतं, आणि चाक तबकडीच्या मध्यापासून जितकं दूर तितकं जास्त फिरतं. त्यातून संकलन (इंटिग्रेशन) होतं. हार्ट्री यांना वाटलं, की हे मेकॅनोत करून पाहता येईल. आर्थर पोर्टर या विद्यार्थ्याच्या साथीने १९३४ मध्ये त्यांनी तसं यंत्र उभं केलं. खर्च सुमारे वीस पौंड. अचूकता दोनेक टक्क्यांच्या आत, आणि तेवढ्यावर अणूंच्या रचनेची खरी गणितं सोडवली गेली. हे शक्य झालं त्यामागे दात्यांचा तोच हिशेब होता. तीनास एक, सातास एक, दोनास एक अशी गुणोत्तरं तयार होती आणि कुठलाही दांडा भोकांच्या जाळ्यात हवा तिथे हलवता येत होता. घासणारं चाक मात्र फारच हलक्या जोराने फिरतं, पुढच्या दांड्यांची माळ ओढायची ताकद त्याच्यात नसते. म्हणून जोर वाढवणारा वेगळा भाग बसवावा लागला. या यशानंतर मँचेस्टरला पूर्ण आकाराचं यंत्र मिळालं. केंब्रिजमध्येही मेकॅनोचं असंच यंत्र झालं. ते आता न्यूझीलंडमध्ये ऑकलंडच्या संग्रहालयात आहे.

येलमधला वैद्यकीचा विद्यार्थी विल्यम स्यूएल याने १९४९-५० च्या सुमारास एरेक्टरचे भाग वापरून हृदयाचं काम तात्पुरतं करणारा पंप बनवला आणि कुत्र्यावर तो तासाभराहून जास्त वेळ चालवला. प्रागमधल्या ऑटो विख्तर्ले यांची गोष्ट अधिक घरगुती आहे. मऊ कॉन्टॅक्ट लेन्सचा पदार्थ त्यांनी शोधला होता, पण लेन्स नीट घडेनात, कडा फाटत. १९६१ च्या नाताळात घरच्या टेबलावर त्यांनी मेर्कुरच्या संचातून यंत्र जोडलं. सायकलचा डायनॅमो मोटरसारखा फिरवला आणि त्याला विजेच्या घंटीच्या ट्रान्स्फॉर्मरवरून वीज दिली. फिरत्या साच्यात द्रव पडला की तो फेऱ्याच्या जोराने कडेकडे पसरतो आणि तशाच वक्र आकारात घट्ट होतो. त्या दिवशी चार लेन्स तयार झाल्या. आज कोट्यवधी लोकांच्या डोळ्यांत असलेल्या वस्तूचा रस्ता या खेळण्यातून गेला आहे, हे प्रत्येक शाळेत सांगायला हवं.

उतरण

१९२६ मध्ये पेटंटच्या पंचविशीला मेकॅनो रंगीत झालं. आधी लाल-हिरवं, १९३४ मध्ये निळं-सोनेरी, युद्धानंतर पुन्हा लाल-हिरवं, साठीच्या दशकात पिवळं-काळं, १९७० मध्ये पिवळं-निळं. जुन्या संचाचा काळ ओळखायला रंग उपयोगी पडतो. मात्र मुलांनी वर्षानुवर्षं भर घातलेल्या पेटीत दोन-तीन काळांचे भाग सर्रास असतात, हे विसरू नये. १९३७ मध्ये संचांना ० ते १० असे क्रमांक मिळाले. दहा नंबरचा संच सर्वांत मोठा. दोन क्रमांकांच्या मध्ये पूरक संच असे. चार नंबरच्या पेटीत तो घातला की पाच नंबरची पेटी होई, त्यामुळे वाढदिवसागणिक संच वाढवता येई. विक्रीची ही रीत आणि १९१६ पासून निघणारं मासिक, या दोन्हींनी मेकॅनो घराघरांत रुजलं. हॉर्नबीने याच कंपनीतून पुढे खेळण्यातल्या रेल्वे आणि डिंकी नावाच्या छोट्या धातूच्या गाड्याही काढल्या. १९३६ मध्ये तो वारला.

१९४२ मध्ये ब्रिटनमध्ये धातूच्या खेळण्यांचं उत्पादन थांबलं आणि बिन्स रोडवर युद्धसाहित्य होऊ लागलं. युद्ध संपल्यावर मागणी परतली, पण कोरियातल्या युद्धामुळे पन्नाशीच्या सुरुवातीला धातूची पुन्हा टंचाई झाली. मग प्लॅस्टिक आलं. लेगोच्या ठोकळ्याचं आजचं रूप जानेवारी १९५८ मध्ये पेटंट झालं. त्याला पाना लागत नाही, पेचकस लागत नाही, बोल्ट हरवत नाही आणि पाच वर्षांच्या मुलाला दहा मिनिटांत घर करता येतं. मेकॅनोत त्याच वेळात जेमतेम चौकट होते. १९६४ मध्ये लाइन्स ब्रदर्स या खेळण्यांच्या कंपनीने मेकॅनो घेतलं, १९७१ मध्ये लाइन्स ब्रदर्सच बुडाली आणि मेकॅनो एअरफिक्स या दुसऱ्या खेळणी-कंपनीकडे गेलं. ३० नोव्हेंबर १९७९ रोजी बिन्स रोडचा कारखाना बंद करत असल्याचं कामगारांना सांगण्यात आलं. त्यानंतर फ्रान्समधली शाखाच मेकॅनोचं घर झाली.

आपल्याकडे ब्रिटिश काळात मुंबईच्या दुकानांतून येणारे हे संच सुखवस्तू घरांपुरतेच होते. स्वातंत्र्यानंतर परकीय चलनाची चणचण आणि आयातीवरचे निर्बंध यांमुळे तेही दुर्मीळ झाले. मराठी घरांत धातूचा जोडणी-संच खऱ्या अर्थाने पोचला तो मुंबईच्या झेफिर कंपनीच्या ‘मेकॅनिक्स’ मुळे : रंगीत धातूच्या पट्ट्या, प्लॅस्टिकची चाकं, छोटा पाना आणि नमुन्यांची पुस्तिका. पेटीवर नाव काहीही असलं तरी घरात त्याला मेकॅनोच म्हटलं जायचं. १ जानेवारी २०२१ पासून भारतात विकल्या जाणाऱ्या खेळण्यांवर आयएसआय चिन्ह सक्तीचं झालं आहे. धातूच्या संचात टोकदार कडा आणि रंगातले जड धातू या दोन्हींची तपासणी त्यात येते, म्हणून नवा संच घेताना ते चिन्ह बघून घ्यावं.

माळ्यावरचा किंवा जुन्या बाजारातला संच हाती आला, तर पहिली तपासणी आट्यांची करावी. मेकॅनोचा बोल्ट ५/३२ इंची व्हिटवर्थ (जुन्या ब्रिटिश मापाचा), इंचाला ३२ आटे. हार्डवेअरच्या दुकानात मिळणारा मेट्रिक मापाचा एम-४ बोल्ट जाडीला जवळपास तेवढाच, ३.९७ ऐवजी ४ मिलिमीटर. आट्यांचं अंतर मात्र मेकॅनोत ०.७९ मिलिमीटर आणि एम-४ मध्ये ०.७. त्यामुळे एम-४ चा नट जुन्या बोल्टवर एखादा फेरा सहज चढतो आणि मग अडतो. इथे पान्याने जोर लावला की दोघांचेही आटे जातात. भर घालायची असेल तर एम-४ चे नट आणि बोल्ट जोडीनेच घ्यावेत आणि वेगळ्या डबीत ठेवावेत. पट्टीच्या भोकातून ते आरपार जातात. चाकांच्या पितळी तुंब्यातल्या (दांडा जातो त्या मधल्या भागातल्या) स्क्रूला हा उपाय चालत नाही, कारण तिथले आटे तुंब्यातच पाडलेले असतात. तिथे जुन्या मापाचाच स्क्रू लागतो. अमेरिकी ८-३२ मापाचा नट मेकॅनोच्या बोल्टवर सैलसर बसतो, उलट जोडी बसत नाही.

पट्टीवरचा हलका गंज रॉकेलमध्ये रात्रभर भिजवून पितळी ब्रशने निघतो. रंगवलेले जुने भाग कोरडे घासू नयेत. त्या काळच्या रंगात शिसं असू शकतं आणि घासताना त्याची धूळ नाकातोंडात जाते. असे भाग साबणाच्या पाण्याने धुऊन, पुसून उन्हात वाळवावेत. वाकलेली पट्टी हातोडीने ठोकू नये, भोकं लांबुळकी होतात. दोन सपाट लाकडी फळ्यांमध्ये धरून पकडीत आवळली की ती सरळ होते. पितळी दातेरी चाकांना शंभर वर्षांतही फारसं काही होत नाही. त्याच पेटीत १९३० च्या दशकातल्या डिंकी गाड्या किंवा हॉर्नबी रेल्वेची ओतीव जस्तमिश्रधातूची चाकं असतील आणि त्यांवर बारीक तडे दिसत असतील, तर ती वेगळी काढून ठेवावीत. ओतताना त्यात शिशाची भेसळ राहिलेली असते, धातू आतून फुगतो आणि हात लावताच तुकडे पडतात. त्यावर उपाय नाही.